कळ दाबून उद्घाटन

"डबा कुठाय?" हिरवडेकरसाहेबांनी विचारलं.

सर्व्हर रूमच्या दारात ते चपला काढून उभे होते. चपला काढायची तिथे काही गरज नव्हती, पण एसीची गार हवा अंगावर आली की त्यांना देवळात आल्यासारखं वाटायचं. हे आमच्या तालुका दूध संघाचे कार्यकारी संचालक. दुधाची फॅट त्यांना नुसत्या वासावरून कळते, असं संघात सांगितलं जायचं. ते खरं असावं, कारण त्यापलीकडे त्यांना काही कळत असल्याचा पुरावा मला सहा वर्षांत सापडला नव्हता.

"कसला डबा, साहेब?"

"फायरवॉलचा हो. गुरुवारी उद्घाटन आहे. बसवलाय कुठे?"

"डबा नाहीये. ती या सर्व्हरच्या आत आहे."

ते वाकले आणि सर्व्हरच्या पुढच्या जाळीतून आत डोकावले. डोळे बारीक करून बघितलं, मग चष्मा वर करून बघितलं.

"दिसत नाही."

"दिसणार नाही. व्हर्च्युअल आहे ती."

"म्हणजे अजून आली नाही."

मी हसू दाबलं. त्या संघात हसू दाबण्याचं काम मी पगारी कामापेक्षा जास्त केलं असेल.

फायरवॉलची गोष्ट अशी. आदल्या दिवाळीत कुणीतरी बाहेरून आमच्या यंत्रणेत घुसलं आणि दोन दिवस दूध संकलन आंधळं झालं. एकशे बारा गावांच्या केंद्रांवर लोक वहीत पेनाने लिटर लिहीत बसले. मग संचालक मंडळाला जाग आली आणि एका कंपनीचा निळ्या दिव्यांचा डबा विकत घ्यायचं घाटू लागलं. मी म्हटलं, नको. आपल्याकडे लिनक्सवर चालणारा एक दणकट सर्व्हर आहे, त्याच्या पोटात सॉफ्टवेअरचे तीन संगणक आधीच चालतात, चौथा चालेल. फायरवॉल अशा तयार संगणकाच्या रूपात मिळते, एका फाइलमध्ये. ती फाइल मी उतरवून घेतली. तिला दोन कोअर दिले, चार जीबी मेमरी दिली, दोन नेटवर्क कार्डं दिली, तीही प्रत्यक्षात नसलेली. एक कार्ड बाहेरच्या केबलला जोडलं, एक आतल्या. बाहेरून येणारं प्रत्येक अक्षर आधी तिच्याकडे जाणार, ती तपासणार, मगच आत सोडणार.

एका रविवारी सकाळचं संकलन आटोपल्यावर मी बदल केला. पहिला तासभर काहीच चालेना. बाहेरचं कार्ड आत आणि आतलं बाहेर लावून ठेवलं होतं मी. हे कुणालाच सांगितलं नाही, सांगितलं असतं तरी कुणाला कळलं नसतं. दुपारी तीनला एकशे बाराच्या एकशे बारा केंद्रांसमोर हिरवा ठिपका आला. असलं काम पुण्यात केलं असतं तर चार माणसांनी येऊन बघितलं असतं. इथे मी एकटीच खुर्चीत बसून हसले आणि डबा उघडून थालीपीठ खाल्लं.

तर फायरवॉल बारा दिवस बिनबोभाट चालू होती, आणि आता तिचं उद्घाटन होतं.

"संचालक मंडळाला मी सांगितलंय, फायरवॉल बसवली म्हणून," हिरवडेकर म्हणाले. "आता अध्यक्ष तात्यासाहेबांना काय हवा दाखवू? फीत कशाला बांधू?"

"उद्घाटन केलंच पाहिजे का?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी बारसं न करता मूल वाढवायची गोष्ट केली होती.

"वर्धापनदिन आहे. संध्याकाळी पाच अकराचा मुहूर्त काढलाय. पेपरवाले येणार. आणि सहाला मंडळाची बैठक आहे, त्यात तुमचा विषय आहे, मॅडम. विसरलात का?"

मी कशी विसरेन? विषय क्रमांक चौदा, कु. नीलम उपाध्ये यांना सेवेत कायम करणेबाबत. सहा वर्षं मी अकरा-अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर काम करत होते. दर अकरा महिन्यांनी एक दिवस घरी बसायचं, म्हणजे सेवा खंडित झाली असं कागदोपत्री दिसतं, आणि दुसऱ्या दिवशी नवी ऑर्डर घेऊन त्याच खुर्चीत यायचं. दोन स्थळं एवढ्यावरून परत गेली होती. आईने तर शेजारणींना मी कायम असल्याचं आधीच सांगून टाकलं होतं. हा विषय दोनदा पुढे ढकलला गेला होता. तिसऱ्यांदा गेला तर मी पुण्याला जायचं ठरवलं होतं आणि पुण्यात चौतिशीच्या बाईला कोण विचारतंय हेही मला माहीत होतं.

"मग कळ दाबून करू," साहेब म्हणाले आणि त्यांचा चेहरा उजळला. "कळ दाबून उद्घाटन! याला कळ असेल की नाही?"

सर्व्हरला पुढच्या बाजूला एकच कळ होती. चालू-बंद करायची.

आता मागे वळून बघते तेव्हा मला तो क्षण अगदी स्वच्छ दिसतो. मी नाही म्हणू शकले असते. पण माझ्या मनात आलं, दाबू दे म्हाताऱ्याला. जे दिसत नाही त्याचं उद्घाटन, जी काही करत नाही त्या कळीने. यांना शोभेल असंच आहे.

"ही," मी बोट दाखवलं. "ही दाबायची."

साहेब चपला घालून निघून गेल्यावर मी सर्व्हरला एक ओळ लिहून दिली, की ही कळ कुणी दाबली तर तिकडे लक्ष देऊ नकोस. मग स्वतः तीनदा दाबून बघितली. सर्व्हर ढिम्म हलला नाही. एका ओळीत मी अध्यक्षांचं बोट निकामी करून टाकलं होतं, आणि मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

"मॅडम, त्यापरास मी एक कळ करून देऊ का?"

हे नेर्लेकरमामा. संघाचे वायरमन. छप्पन वर्षांचे, कायम खाकी शर्टात, खिशात टेस्टर. ते यूपीएसच्या पॅनेलपाशी बसून काहीतरी आवळत होते आणि त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"कसली कळ?"

"फळीवर घंटीचं बटन बसवतो, एक लाल बल्ब लावतो. तात्यासायबांनी दाबलं की बल्ब पेटंल. दर बारीला असंच करतोय आपण. चिलिंग प्लँटचं हुतं तवा बी तसंच क्येलं. मी मागं हुबा ऱ्हायलो आनि मेन स्विच टाकला."

घंटीचं बटण! माझ्या सर्व्हरला! मला वाटलं, या माणसाला आणि हिरवडेकरांना एकाच साच्यातून काढलंय.

"नको मामा. मी ही कळ बंद करून टाकलीय. ती आता काही करत नाही."

"तुमी बंद क्येली म्हंजे झालं," ते म्हणाले आणि परत स्क्रू आवळायला लागले.

गुरुवारी पाच वाजता त्या दहा बाय बाराच्या खोलीत बावीस माणसं शिरली. एसी धापा टाकायला लागला. कुणीतरी सर्व्हरला झेंडूचा हार घातला, तो नेमका हवा आत जायच्या जाळीवर. मी तो काढून बाजूच्या रॅकला अडकवला. नारळ आत फोडू देणार नाही म्हणून मी हट्ट धरला, तेव्हा नेर्लेकरमामा नारळ घेऊन बाहेर व्हरांड्यात गेले. पाच वाजता संकलन सुरू होतं, आत्ता गावोगाव कॅन घेऊन रांगा लागल्या असतील, हे मी साहेबांना सकाळीच सांगितलं होतं. ते म्हणाले होते, "मग चांगलंच की! लाइव्ह!"

तात्यासाहेब, आमचे अध्यक्ष, बाहत्तर वर्षांचे. पांढरंशुभ्र धोतर, त्यावर जाकीट, आणि चेहऱ्यावर कायम एक समाधान, नुकतंच जेवून उठल्यासारखं. त्यांनी आधी चार शब्द बोलायचं ठरवलं.

"ही जी फायरवॉल आहे," ते म्हणाले, "तिच्यामुळं आता आपल्या संघाला आगीची भीती राहिली नाही. रेकॉर्ड जळायचं नाही. दूध उत्पादकांचा कागद न् कागद सुरक्षित!"

टाळ्या पडल्या. हिरवडेकरांनी सगळ्यांत जोरात वाजवल्या. मी छताकडे बघत होते. या माणसाच्या सहीने मी कायम होणार होते, ही गोष्ट मी त्या दोन मिनिटांत तीनदा स्वतःला बजावली.

पाच अकरा झाले. तात्यासाहेब पुढे झाले, त्यांनी अंगठीचं बोट टाळून तर्जनी उचलली आणि कळ दाबली. मी ठरवलं होतं तसंच झालं. काहीही झालं नाही. टाळ्या सुरू झाल्या.

"तात्यासाहेब, बोट तसंच राहू द्या!" फोटोग्राफर मागून ओरडला. "काढू नका. इकडं बघा. जरा हसा. साहेब, तुम्ही आत या. मॅडम, तुम्ही थोडं सरका, सावली पडतीय."

मी सरकले. तात्यासाहेबांनी कॅमेऱ्याकडे बघितलं. बोट कळीवर तसंच दाबलेलं होतं. चाळीस वर्षांचा सराव होता त्या बोटाला.

आणि तेव्हा मला आठवलं. माझी ओळ लिनक्सला सांगत होती की लक्ष देऊ नकोस. पण ती कळ चार-पाच सेकंद दाबून धरली, तर लिनक्सला कुणी विचारतच नाही. मशीन स्वतःच वीज तोडतं. घरातला अडकलेला कॉम्प्युटर बंद करायला शाळेतली पोरंसुद्धा हे करतात. मला ठाऊक होतं. कुणी पाच सेकंद बोट धरेल हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं, कारण फोटोसाठी बोट धरणारी माणसं मला माणसंच वाटत नव्हती.

मी हात पुढे केला. फ्लॅश उडाला. पंख्यांची घरघर खाली खाली गेली आणि थांबली.



"अरे वा!" तात्यासाहेब म्हणाले. "आवाज सुद्धा बंद झाला की!"

"सायलेंट टेक्नॉलॉजी," हिरवडेकर म्हणाले, आणि परत टाळ्या पडल्या.

सगळे पेढे खायला सभागृहाकडे निघाले, आणि शेवटचा माणूस दाराबाहेर गेला तेव्हा मी कळीवर झडप घातली. सर्व्हर चालू झाला. असला सर्व्हर आधी स्वतःची मेमरी मोजतो, मग डिस्क तपासतो, आणि या सगळ्याला तो त्याचा वेळ घेतो. टेबलावरचा फोन वाजायला लागला. एक केंद्र, दुसरं, पाचवं. मॅडम, मशीन घेईना. मॅडम, लोक वराडाय लागल्यात. लिनक्स उठलं, पण फायरवॉल उठेना. सर्व्हरबरोबर आपोआप चालू हो, एवढं तिला सांगायचं मी विसरले होते. बारा दिवसांत सर्व्हर एकदाही बंद झाला नव्हता, त्यामुळे ते कळायचा प्रश्नच आला नव्हता. मी ती हाताने चालू केली. घाईत एक साधी आज्ञा दोनदा चुकीची टाइप झाली.

बावीस मिनिटं. एकशे बारा गावं.

शेवटचा ठिपका हिरवा होत असताना नेर्लेकरमामा टेस्टर घेऊन धावत आले, आणि त्यांच्या मागोमाग हिरवडेकरसाहेब. साहेबांच्या हातात अर्धा पेढा होता.

"काय झालं? एका संचालकांच्या गावातनं फोन आलाय. केंद्र बंद पडलंय म्हणतात. उद्घाटन झालं आणि पाच मिनिटांत बंद? मंडळासमोर मी काय सांगू?"

मामा पॅनेलचं झाकण उघडत होते.

"लाइट गेली होती का?" साहेबांनी विचारलं. मला विचारलं.

मी पॅनेलकडे बघितलं. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. सहाला चोवीस मिनिटं होती.

"हो," मी म्हणाले. "यूपीएसच्या लाइनीत काहीतरी झालं. सप्लाय तुटला."

साहेबांच्या खांद्यांवरचं ओझं उतरलेलं मला दिसलं. ते मामांकडे वळले. "नेर्लेकर?"

मामांनी माझ्याकडे बघितलं. तो चेहरा मी आजही विसरलेले नाही. राग नव्हता त्यात, प्रश्नही नव्हता. ते म्हणाले, "मॅडम म्हणत्यात म्हंजे झालं असंल."

मला वाटलं, त्यांनी ओळखलं आणि मला पाठीशी घातलं. मला बरं वाटलं. मग बरं वाटल्याची लाज वाटली, पण ती थोडा वेळच टिकली, कारण साहेब लगेच म्हणाले, "चला मॅडम, बैठकीच्या वेळेला बाहेर थांबा, बोलावलं तर या."

मला बोलावलं नाही. मी बाकावर दीड तास बसले. साडेसातला दार उघडलं आणि तात्यासाहेब एकटेच बाहेर आले. हातात पेढ्यांचा बॉक्स होता. ते बाकावर माझ्या शेजारी बसले. मी उठायला लागले तसा त्यांनी हाताने मला बसवलं.

"अभिनंदन. चौदा नंबर मंजूर."

"थँक यू, तात्यासाहेब."

"नेर्लेकरला शीतकरण केंद्रावर पाठवायचं ठरलं. हलगर्जीपणा. कुणावर तरी काढावं लागतं. दीड वर्षच राहिलंय त्याचं, करंल कसं तरी."

शीतकरण केंद्र बेचाळीस किलोमीटर. दोन एसट्या बदलायच्या.

"ट्यूबलाइट चालू होती की ओ, मॅडम," तात्यासाहेब म्हणाले.

मी त्यांच्याकडे बघितलं. तोच जेवून उठल्यासारखा चेहरा.

"एसी चालू होता. माझ्या बोटाखाली ते यंत्र तेवढं गार झालं. मला कळत नाही होय? चाळीस वर्षं कळ दाबतोय. कधी कुठल्या कळीनं काही केलं नाही. मागं वायरमन उभा असतो, तो करतो. तुमचीच पहिली खरी निघाली." ते हसले. पोट हललं त्यांचं. "आता अध्यक्षाच्या बोटानं संघ बंद पडला म्हटल्यावर उद्या गावोगाव चेष्टा. तुम्ही लाइट म्हणालात, ते लई चांगलं केलंत. शिकलेली माणसं येतात आमच्याकडं, खरं बोलतात आणि जातात. तुम्ही टिकणार."

त्यांनी बॉक्स पुढे केला. मी पेढा घेतला.

सहा वर्षं मी या माणसाला अडाणी समजत होते. हिरवडेकरांना समजत होते, मामांना समजत होते, सगळ्या संघाला समजत होते. त्यातल्या एकाने मला पाच मिनिटांत पुरतं ओळखलं होतं आणि वर शाबासकी दिली होती. मला स्वतःची किळस आली. घरी आईने औक्षण केलं तेव्हा मी ठरवलं, नोकरी तर मिळाली, आता निदान मामांना खरं सांगायचं. साहेबांना नाही तर नाही, पण मामांना. ते शहाणे आहेत, त्यांना सगळं ठाऊकच आहे, त्यांची फक्त माफी मागायची.

ते शनिवारी सकाळी आले. पॅनेलच्या चाव्या टेबलावर ठेवल्या. यूपीएसच्या बॅटऱ्यांत पाणी कधी घालायचं, कुठला एमसीबी कुठल्या खोलीचा, सगळं सावकाश सांगितलं. सोमवारपासून सहाची एसटी होती त्यांची.

मग ते जायचे थांबले.

"मॅडम, एक इचारू?"

"विचारा ना."

"दोन दिस झालं, मला झोप न्हाई. सगळी लाइन मी हुडकली. मेन बघितली, चेंजओव्हर बघितला, यूपीएस उघडून बघितला. कुटंच काय घावंना. कळ तर तुमी बंदच क्येलती. मग माझं चुकलं कुटं? पस्तीस वर्षांत माझ्या जोडणीनं असं कधी क्येलं न्हाई. बदलीचं काय न्हाई ओ, जाईन मी. पर चुकलं काय, ते तरी कळाया पायजे."

त्यांनी मला पाठीशी घातलं नव्हतं. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला होता. मॅडम म्हणत्यात म्हणजे झालं असेल, एवढाच त्या वाक्याचा अर्थ होता.

खोलीत दुसरं कुणी नव्हतं. दार लोटलेलं होतं. माझी ऑर्डर सहीशिक्क्यानिशी पर्समध्ये होती, ती आता कुणी काढून घेऊ शकत नव्हतं. मी खरं सांगितलं असतं तर माझं काहीसुद्धा जाणार नव्हतं. फक्त त्या माणसाच्या डोळ्यांतली मॅडम गेली असती.

"न्यूट्रल ढिला असेल, मामा," मी म्हणाले.

त्यांचा चेहरा मोकळा झाला. खरंच झाला. दोन दिवस घशात अडकलेलं काहीतरी खाली उतरावं तसा.

"न्यूट्रल! हां. त्ये डोक्यातच आलं न्हाई बगा." त्यांनी टेबलावरच्या चाव्या परत उचलल्या, पॅनेल उघडलं आणि खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला. मी मागे उभी राहून बघत होते. स्क्रू सगळे घट्टच होते. तरी त्यांनी एकेकाला जोर लावून पाव पाव वेढा दिला, एकूण चोवीस स्क्रू होते, एकही सोडला नाही. मग झाकण लावलं, हाताने पुसलं, आणि चाव्या माझ्या हातात दिल्या.

"आता न्हाई हुयाचं तसं," ते म्हणाले. "माझ्यापायी तुमाला बोलून घ्यावं लागलं, मॅडम. मनात धरू नगासा."

"नाही धरणार," मी म्हणाले.